सातशे एकतीस

ग्रिम्सबीच्या कौन्सिलात, दुसऱ्या मजल्यावर,
मी न्हाणीघरं काढते.
लोकांची. बहुतेक म्हाताऱ्यांची.
कमोड, बेसिन, उतरत्या फरशीची जाळी
आणि भिंतीला धरायची पांढरी दांडी.

क्लाइव्हने पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
नजरेनं काही ठेवायचं नाही.
डोळ्याला टेकलेलं दिसतं, पण झूम कर आणि बघ.
त्याने दोन रेघा दाखवल्या, एकमेकींना बिलगलेल्या.
आत आत शिरत गेलो
तर मधून अख्खा ट्रॉलर जाईल एवढी फट.

तेव्हापासून मी टोकाला टोक लावते.
कर्सर कोपऱ्याशी नेला की हिरवा चौकोन उगवतो,
मध्यावर त्रिकोण, केंद्रावर वर्तुळ,
लंबासाठी इवला काटकोन,
माझ्या शाळेच्या कंपासपेटीतून निसटून आल्यासारखा.
एकच खूण त्याने बंद करायला लावली,
वाळूच्या घड्याळासारखी, 'जवळपास' नावाची.
ती रेघेवर कुठेही चिकटते.
कुठेही म्हणजे कुठेच नाही, क्लाइव्ह म्हणाला.

मेव्हिस ब्लँचर्ड, वय त्र्याऐंशी,
गोदीमागची गल्ली, घर नऊ.
दांडी फरशीपासून सहाशे ऐंशी, नेहमीसारखी.
मी ती बसवली,
दशांशचिन्हापुढे आठ शून्यं
शिस्तीत उभी.

मग मापं पडताळायला गेले.
घर गुण्यात नव्हतं. कुठलं असतं?
एक कोपरा काटकोनात, दुसरा अंमळ आखडलेला,
ओळंबा सोडला तर भिंत त्याच्यापासून हळूहळू दूर जाणारी.
बाई म्हणाल्या, बूट काढू नकोस गं, फरशी गार आहे.
छत्तीस वर्षं त्यांनी बर्फातले मासे चिरले.
बोटं आता पुरती मिटत नाहीत.

कमोडशेजारी, दाराच्या चौकटीवर,
रंग उडाला होता.
तळव्याएवढा डाग, तेलकट, मध्ये लाकूड उघडं पडलेलं.
मी विचारलं नाही.
त्यांनी उठून दाखवलं,
न बघता हात बरोब्बर तिथे गेला.

त्या डागाला टोक नव्हतं.
केंद्र नव्हतं. कड म्हणावी तर
कुठे संपतो तेच कळेना.
टेप धरून मी गुडघ्यावर बसले,
खालून सहाशे शहाऐंशी,
वर, समजा, सातशे शहात्तर.
मध्य काढला.

ऑफिसात परतल्यावर: मूव्ह.
बेस पॉइंट? दांडीचं टोक.
कुठवर? शून्य, स्वल्पविराम, एक्कावन्न.
एंटर.
पांढरी दांडी तीन बोटं वर सरकली
आणि चुकल्यासारखी दिसू लागली.

क्लाइव्हने चष्मा कपाळावर नेला.
सातशे एकतीस? हे कशाला चिकटलं?
मोजलंय, मी म्हटलं.
कशापासून?

टिपणीच्या रकान्यात मी आधीच लिहिलं होतं,
'उंची सध्याच्या हातानुसार'.
तो वाचत उभा राहिला, चहा निवेपर्यंत.
मग त्याने ओळ खोडली.
आकडा ठेवला.