झाकण

एप्रिलात तळं आटलं की आम्ही माती काढायला उतरतो.
वरची भेगाळलेली पापुद्र्याची, ती नको.
हातभर खाली काळी लागते, लोण्यासारखी.
तिथं भरमाण्णा कुदळ बाजूला ठेवतो आणि
खुरप्यानं उकरतो,
खाली कोण झोपलंय ते वरून कळत नाही.

टण् झालं नाही. थप् झालं.
मला वाटलं खापर,
आमच्याच कुणा आज्या-पणज्याचं बिघडलेलं भांडं.
बोटानं कड चाचपली. कड मऊ.
भाजलेल्या वस्तूची कड मऊ नसते.

देवळात उंबऱ्यापुढं बसलेलं कासव निराळं,
त्याच्या पाठीवर कारागिरानं चौकटी पाडल्यात.
ह्याच्या पाठीवर एक रेघ नाही.
हाडावर कातडं ताणून बसवलेलं, शेवाळी,
चाकावरनं नुकती उतरवलेली परात
पाण्याच्या हातानं एकदा पुसावी तसं.

उलटं केलं. पोट सायीच्या रंगाचं.
मागचे पाय आत गेले
आणि खालून दोन पडदे आले, एक डावा, एक उजवा,
फट मिटली.
पुढनं पोटाचा पत्रा उचलला, डोकं गेलं.
चाळीस वर्षं मी झाकणं करते.
असं एकही बसलं नाही.

मग घाण वास सोडला, तो मात्र सगळ्यांना कळला.

इनास म्हणाला, "कासव! हे किलोवर जातंय की, मावशी."
ट्रॅक्टरवाला कित्तूरकडचा, तो म्हणाला, "आमे."
ते दोन्ही नावांना आतच राहिलं.

धारवाडहून शशिकला मॅडम यायच्या पूर्वी, वही आणि पट्टी घेऊन.
त्यांनीच शिकवलं: बोटं पाच, नखं तीनच.
मी आज मोजली. मागच्या पायाची मोजू दिली नाहीत.
गोगलगाय खातं, बेडूक खातं, मेलेला मासा खातं,
पाण्यातला पालाही. म्हणून जुनी माणसं विहिरीत सोडायची.
चिखलात पाच-पाच महिने काढतं,
अन्न नाही, हालचाल नाही,
घशातून आणि कातड्यातून चिमूट-चिमूट हवा.

मादी काठाच्या मातीत अंडी पुरते,
गोल, गोट्यांसारखी, ठिसूळ,
आणि वळून बघत नाही.
आतलं पिल्लू मग वाढायचंच थांबतं.
महिनोन्‌महिने. थांबतं म्हणजे थांबतं,
मरत नाही.
भरमाण्णाची आई तेव्हा दारात शेंगा फोडत होती.
तिनं विचारलं, "मग बाळंतपणाचे दिवस कुठनं धरायचे ओ?"
मॅडमनी पेन उचललं, आणि काही लिहिलं नाही.
म्हातारी स्वतः सात महिन्यांची जन्मलेली.

मला ते थांबणं कळतं थोडंसं.
कच्चं भांडं सावलीत ठेवावं लागतं,
घाईनं भट्टीत घातलं की तडकतं.
पण आम्ही दिवस मोजतो. ते कुणाला विचारतं?

इनासनं गोणपाट आणलं होतं, भरायला.
मी तेच भिजवलं, त्याच्यावर टाकलं,
वर खोऱ्यानं काढलेली माती पुन्हा लोटली.
"दीड किलो तरी असंल," तो म्हणत राहिला.
त्याला दुपारी दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

चारी बाजूंनी खणलं, मधे ओटा राहिला
तुळशीकट्ट्याएवढा.
यंदा खानापूरच्या बाजाराला बारा मडकी कमी गेली.

आमच्या घराचं मडकं ओळखायचं तर बुडाशी बघा,
ओलं असताना माझा अंगठा उठवलेला असतो.
श्रावणात तळ्यावर गोधड्या धुताना
पाण्यातून नळीसारखं नाक वर आलं,
काडीएवढं. हवा घेतली. गेलं.
ते हेच होतं का?

गोधडी तशीच हातात, मी बघत उभी.
मागनं भरमाण्णा, "काय बघूलाईस गे?"
काही नाही म्हटलं.
पाणी मिटलं होतं, फट न राहता.