शेवटची अकरा पानं

चोपड्याजवळच्या आमच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट
माझ्या नावावर आहे.
लोखंडी, हिरवं, नग एक.
आत एकशे बारा पुस्तकं.
एकोणीस वर्षं दर दिवाळीला
मी ती बाहेर काढली, मोजली,
फडकं मारलं, परत कुलूप.
एकही हरवलं नाही.
तपासणीचे साहेब म्हणायचे,
रतिलाल, शिपाई असावा तर असा.

मग महाले बाई आल्या, चित्रकलेच्या,
स्कुटीच्या मागं केळीची रिकामी खोकी बांधून.
म्हणाल्या, किल्ली द्या.
म्हटलं, नोंद कुठं करू?
म्हणाल्या, ती भिंतीवर होईल.

नियम एवढाच:
पुस्तक वाचायचं
आणि त्यातलं काहीतरी हातानं करून आणायचं.
विकतचं काही चालणार नाही.
खोक्याचा पुठ्ठा चालेल, केळीचा वाळका सोप,
जिनिंगमधून उडून कुंपणाला लटकलेला कापूस.

गुणवंतीनं समुद्र केला. चहाच्या चोथ्यानं रंगवलेला,
पुरातल्या तापीसारखा.
पोरं हसली. समुद्र निळा असतो.
बाईंनी विचारलं, कोणत्या पानावर?
पोरं पुस्तकात शोधायला लागली,
ती संध्याकाळपर्यंत शोधत होती.

शबनूर तडवीनं कणसाच्या भुश्श्याचं घुबड केलं,
डोळ्यांना भावाच्या शर्टाची बटणं.
भाऊ तणतणत आला बटणं न्यायला.
घुबड रात्री का जागतं ते वाचत
व्हरांड्यात बसला, छाती उघडी टाकून.
बटणं राहिली तिथंच.

हिंमत कोळी मात्र
सगळ्यात बारकं पुस्तक घेऊन गेला
आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं उभा.
"रतिलालभाऊ, याना शेवट कोठे शे?"

वाळवीनं खाल्लेला.
अकरा पानं, कण्यापर्यंत.
मी पुस्तकं मोजली होती.
पानं कधी मोजली नव्हती.

त्या रात्री ते घरी नेलं.
बायको म्हणाली, ऑफिसचा कागद आहे का काही?
ओठ हलवत वाचलं, बोट ठेवून,
जेवण ताटात गार.
एक माणूस, हरवलेला उंट शोधत निघालेला.
विहिरी संपतात, वाटाडे संपतात,
आणि टेकडीच्या पलीकडून त्याला
घंटेचा आवाज येतो, तो धावतो, वर पोचतो, आणि

आणि वाळवी.

कोणाला सांगणार, मला झोप लागली नाही.
एका उंटासाठी. आमच्या गावात उंट
मेंढ्यांच्या कळपाबरोबर वर्षातून एकदा येतो,
तेव्हा मी त्याच्याकडं बघतसुद्धा नाही.

हिंमतनं सोपाचा उंट केला, गुडघे दुमडलेला.
म्हणाला, सापडना.
गुणवंती म्हणाली, घंटा दुसऱ्याच्याच उंटाची होती.
शबनूरच्या मते माणूस टेकडीवरच बसून राहिला,
आवाज ऐकत. तेवढंच पुरे त्याला.
भांडण सातवीच्या वर्गातून पाचवीत गेलं.
प्रत्येकाला ते बारकं पुस्तक पाहिजे,
वाचल्याशिवाय भांडता येत नाही म्हणून.
कपाटापुढं रांग लागली.
रांग मी खिचडीला पाहिली होती, दाखल्याला पाहिली होती.

आता शेवटाला पुठ्ठ्याची अकरा पानं शिवलीत.
प्रत्येकावर वेगळा शेवट,
एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.
नवव्या पानावर अक्षर माझं आहे.
काय लिहिलं ते सांगणार नाही, वाचा.

परवा तपासणी झाली.
पुस्तकं शहाण्णव. सोळा घराघरांत,
एक पिंपळाखाली भिजून फुगलेलं.
साहेबांनी भिवई चढवली.
आणि कुलूप?

भिंतीकडं बोट दाखवलं.
हिंमतच्या उंटाला घंटा नव्हती,
म्हणून दिलं. गळ्यात शोभतं.
वाजत नाही, एवढंच.

हिंमत मागून हळूच म्हणाला,
"वाजस."