करंट गेल्यावर

दुपारी करंट जातो
आणि वडगावच्या आमच्या बोळातले सगळे माग
वाक्य अर्धं टाकून एकदम गप्प होतात.
जैबुन बॉबिनची पेटी पालथी घालून बसते,
म्हणते, सांग की ग पुतळाक्का, ते पाणी.
ती स्वतः होती तिथं.
तरी सांग म्हणते.

आम्ही चौघी. बिशी नऊ वर्षांची,
महिन्याला पाचशे, मल्लव्वाच्या पितळी डब्यात.
तिसऱ्या वर्षी सगळी फिलूच्या ऑपरेशनला गेली,
मग पुन्हा पहिल्यापासून.
मल्लव्वाचा नवरा म्हणाला, अंदमान?
तिथं तर जन्मठेपेला धाडत होते की.
ती म्हणाली, मला तीन रात्रींचीच झालीय.

सांबऱ्यावरून उडालो.
फिलूनं छातीवर क्रूस काढला, जैबुननं डोळे मिटले,
मी खाली बघत राहिले:
लाल मातीवर एवढंसं बेळगाव,
शेंगेच्या फोलासारखं,
आणि त्यात कुठं आमचा बोळ, कुठं काय,
बोट ठेवावं तर ढग.

बेटावर होडीवाल्यानं विचारलं, कहाँ से?
मी म्हणाले, महाराष्ट्र. मल्लव्वा म्हणाली, कर्नाटक.
एकाच दमात,
एकाच नळावर घागर लावणाऱ्या दोघी.
तो हसला. आम्ही हसलो नाही.
दिवसभर जरा लांबलांबच चाललो,
मध्ये जैबुन, हातात कुंद्याचा डबा,
दोघींनाही भरवत.

पाण्यात मात्र उतरलो ते साडीनिशी.
साड्या फुगल्या, वर आल्या,
आम्ही दाबतोय, त्या वर येतायत,
दोन्ही हातांनी स्वतःला खाली धरून
चार म्हाताऱ्या कंबरभर पाण्यात
पोरींसारख्या किंचाळतायत.
बघायला कोण होतं? एक कुत्रं.
तेही गेलं.

रात्री झोप येईना.
खटखट नाही, अंगाखाली हादरा नाही,
तीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो आवाज नाही.
फिलू अंधारात म्हणाली,
ह्याचाही मागच आहे ग, हातमाग,
एकच पावडी दाबतोय कोणतरी,
धोटा तेवढा दिसत नाही.

पहाटे ओहोटी. समुद्र मागं गेलेला,
फर्लांगभर नवी जमीन उघडी,
त्यावर खेकडे राहायलाही आलेले.
दुपारपर्यंत परत पाणी.
मल्लव्वा माझ्याजवळ येऊन उभी राहिली,
कालपासून पहिल्यांदा.
नोड, म्हणाली, काठ दिवसातनं दोनदा हलतोय
आणि कोर्टात कोणच नाही.
तीस वर्षं साडीला सरळ काठ घालणारी बाई.
मी काही बोलले नाही.
कुंदा संपलेला, डबा चाटून आम्ही दोघींनी
त्याच पाण्यात धुतला.

शंख विमानतळावर काढून घेतले.
नेता येत नाही म्हणाले.
रंग नेता येतो, असं मला वाटलं.
आल्यावर रंगाऱ्याकडं गेले:
त्यानं मोरपंखी दाखवला, रामा दाखवला,
चिंतामणी, आनंदी, सगळी लडीन् लडी काढली.
हा नव्हे, म्हणाले.
मग कसला, पुतळाक्का?
पायाची बोटं दिसतात असला.
तो सूत गुंडाळायला लागला.

मल्लव्वानं मला न सांगता केलं.
परवाच्या साडीला काठाचा ताण ढिला सोडला,
काठ आत-बाहेर, आत-बाहेर, लाट येत गेली.
मुकादम म्हणाला, काठ वाकडा आलाय.
ती म्हणाली, नाही, भरतीचा आलाय.
साडी तिच्याच गळ्यात मारली,
वर दीडशे रुपये कापले.
अजून घडी मोडलेली नाही.
करंटही आलेला नाही.

जैबुन म्हणते, हं,
आणि मग ते पाणी?