मुक्कामी गाडी

रात्री साडेनऊला पांढरकवड्याची मुक्कामी गाडी येते.
ड्रायव्हर डबा खाऊन टपावर झोपतो,
आणि अंकुश टेकाम, कंडक्टर,
तिकिटांची पेटी घेऊन माझ्या वेल्डिंगच्या दुकानात.
खालच्या कप्प्यात पत्ते, एकशे बारा, रबर लावलेले.
भाच्यानं नागपूरच्या होस्टेलातून दिले,
नोकरी लागली तेव्हा.

त्यावरचं इंग्रजी झेपेल तसं उतरवून घेतलं.
सगळ्यात मोठं यान ते मायगाडी.
अदृश्य होणं म्हणजे कलटी.
एका पत्त्याचा अर्थच लागला नाही,
त्याला आम्ही साहेब म्हणतो.
साहेब स्वतः काही करत नाही,
पण तो समोर बसला
की दुसऱ्याला एक फेरी थांबावं लागतं.

आरमार त्याचं, भंगारवाले माझे.
गाव म्हणेल, मग काय, धंदाच तो तुझा.
तसं नाही. आधी आरमारच घेतलं होतं मी,
सहा महिने हरलो.
पांढरी, गुळगुळीत यानं, कुठं जोड दिसत नाही,
आणि जोड दिसला नाही
की हात कुठं घालावा कळत नाही मला.

भंगारवाल्यांचं यान मोडलं तर जात नाही,
पालथं होऊन लोखंड होतं.
तीन लोखंडांत एक जोडकाम, ऊर्जेशिवाय.
म्हणून पहिल्या चार फेऱ्या मी हरायलाच बसतो.
बाहेरच्या कक्षेत अशी फुटकी यानं लावतो
की तोफेचा हात शिवशिवावा.
"मार ना. काहून थांबला?"
तो मारतो.
मी मोजतो.

एवढं तर नियमांच्या कागदावरही आहे.
कागदावर नाही ते असं:
अंकुश शेवटची ऊर्जा कधीच खर्चत नाही.
चार असल्या तर तीन वापरतो, एक मागे.
सुट्टे.
एकवीस वर्षं अठ्ठावीसच्या तिकिटाला
पाचशेच्या नोटा घेतलेला माणूस,
रिकामी पिशवी त्याला बघवत नाही.
मायगाडीला पाच लागतात,
ती सहा साठल्याशिवाय डेपोतून निघत नाही,
आणि ती एक उशिराची फेरी माझी असते.
दोन वर्षं तिच्यावर जिंकलो.
त्याला सांगितलं नाही.

परवा त्यानं पाच साठताच
पाचच्या पाच टेबलावर ठेवल्या.
मायगाडी.
माझ्याकडं एकच लोखंड होतं,
साहेब अजून गड्डीत कुठंतरी.
कक्षा एकामागून एक गेल्या,
ग्राइंडरवर चहा निवत राहिला.

"सुट्टे?" मी विचारलं.
"काय कराचे आता सुट्टे," तो म्हणाला,
"सोमवारपासून गाडी मुक्कामी नाई रायत.
रातच्यालेच वापस."
मग त्यानं पत्ते दोन गड्ड्यांत वेगळे केले,
भंगारवाल्यांना रबर लावलं, माझ्याकडं सरकवलं.
"ठेव. तुह्यंच हाये थे."

मोडणारा नसेल तर भंगारवाले काहीच नाहीत.
मंगळवारी मी एकट्यानं मांडून पाहिले,
बाहेरची कक्षा लावली, आतली लावली,
आणि फुटकी यानं तशीच उभी,
कुणी हात लावेना.

बुधवारी गाडी फाट्यावर थांबली, चार मिनिटं.
अंकुशनं खिडकीची काच सरकवली,
पत्ता काचेला टेकवला: तोफ.
मी टायरच्या उजेडात बसून
एक यान पालथं केलं.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

रोज एक फेरी होते आता.
तो कसा खेळतो ते पुन्हा शिकावं लागतंय,
पिशवीत किती आहेत ते खिडकीतून दिसत नाही,
आणि विचार करायला मला सगळा दिवस मिळतो,
ही गोष्ट त्यालाही मिळते.
साहेब हातात आलाय. अजून बसवला नाही.
लोखंड दोन.
उद्या त्याची सुट्टी.