दावा केला, की

मिडल्सब्रोच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी साडेसहाला
हीटर ठकठक करत गरम होतो
आणि मॉइरा हॅस्लम फळ्यावर लिहिते: सेड.
त्याखाली: टोल्ड.
टोल्डला माणूस लागतो, ती बजावते,
कुणाला ते आल्याशिवाय टोल्ड उभं राहत नाही.
सेडचं तसं नाही, सेड भिंतीशीसुद्धा बोलेल.

मी मागे बसून हजेरी भरतो, चहाचे कप मोजतो.

दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगायचं
तर काळाला एक पायरी उतरवायचं.
आहे-चं होतं.
आज म्हणजे त्या दिवशी, इथे म्हणजे तिथे,
माझा भाऊ म्हणजे तिचा भाऊ.
अवतरणचिन्हं शेवटी काढून घ्यायची,
शिवण झाल्यावर टाचण्या काढतात तशी.

बोगदान, खारकिव्हचा वेल्डर, गाल धरून:
माझी दाढ दुखते.
सगळे एका सुरात: बोगदाननं तक्रार केली, की त्याची दाढ दुखत होती.
अजून दुखते, बोगदान म्हणतो.
रेबवार, लिनथॉर्प रोडवर लोकांच्या दाढ्या करणारा:
शेवटचं बिस्किट मी नाही खाल्लं.
डिनाइड! मॉइरा खडूनं त्याच्या मिशीवरचा चुरा दाखवते.
वर्ग हसतो. हीटरसुद्धा.

मग लेतेब्रहान पिशवीतून कागद काढते,
चार घड्यांचा, घड्यांवर पांढरा पडलेला.
दिवसभर वृद्धाश्रमाच्या चादरी इस्त्री करणारे हात
तो बाकावर सपाट करतात.
परिच्छेद चौदा, ती म्हणते.
आपण असा दावा करता, की रात्री शिपाई आले.
आपण असा दावा करता, की आपल्या भावाला नेले.
आपण असा दावा करता, की आपल्याला भीती वाटते.
मी मोजले. अकरा आहेत.
टीचर, मी तर सेड केलं होतं.
क्लेम कुणी केलं?

मॉइरा खडू ठेवते. पुन्हा उचलते.
याचा अर्थ, ती सावकाश सांगते,
तू म्हणालीस, पण
लिहिणारा तुझ्या शब्दाला जामीन राहत नाही.

माझ्या भाषेत यासाठी दोन अक्षरं आहेत,
वाक्याच्या शेवटी लटकतात.
भावाला नेलं, म्हणे.
भीती वाटते, म्हणे.
मी ती दोन अक्षरं आयुष्यभर वापरली,
शेजाऱ्यांच्या भांडणांना, लग्नांच्या आकड्यांना.
त्या संध्याकाळी पहिल्यांदा
जीभ भाजली.

मुलाखतीत दुभाषा होता, लेतेब्रहान सांगते,
निळ्या स्वेटरचा, केसांना तेल.
मी बोलायचे आणि तो म्हणायचा: आय.
आय, रडत. आय, पळत. आय, विहिरीमागे.
मराठीत त्याला ठरवावं लागलं असतं,
पळालो की पळाले.
इंग्रजीत ती दोघं एका अक्षराआड मावली,
काठीएवढ्या रुंदीच्या.

आज उलटं करू, मॉइरा म्हणते.
पुस्तकात हा धडा नाही.
अकरा वाक्यं वहीत उतरवायची आणि
टाचण्या परत लावायच्या.

लेतेब्रहान लिहिते. जीभ दातांत.
दावा-बिवा सगळं पुसलेलं.
होतं-चं आहे.
तिथे-चं इथे, त्या रात्री-चं आज रात्री.
"ते दार वाजवताहेत."
"त्यानं बूट घातलेले नाहीत."
"मी इथे आहे, विहिरीमागे, मला त्याचे पाय दिसताहेत."
चौथ्या वाक्याशी बोगदान गालावरचा हात काढतो.
पाचव्याला रेबवार उठून दाराकडे बघतो,
दार बंद आहे ना.

मॉइराच्या लाल पेनाचं टोपण निघत नाही.
एका ठिकाणी पूर्णविराम राहिलाय. ती तो राहू देते.

तेवढ्यात डेरेक, चाव्यांचा जुडगा घेऊन:
दहा मिनिटांत बंद करतोय.

सवयीनं सगळे क्रियापद शोधतात.
वॉर्न्ड, बोगदान म्हणतो.
रिमाइंडेड, रेबवार म्हणतो, आठवण करून दिली.
लेतेब्रहान कोटाची बाही शोधते आहे,
एक हात आत, एक बाहेर.

सेड, ती म्हणते.
तो म्हणाला. बस.