पावशेर कमी

गाय गेली केळीच्या बागेत, ठिबकच्या नळीपाशी,
पान लागून.
मागे राहिला सहा दिवसांचा गोऱ्हा,
नाळ अजून वाळायची होती,
ओठांना चिकाचा वास होता.

ढाब्यामागून बाटली आणली, बियरची.
तीनदा उकळली तरी सिंधू म्हणाली,
देवाच्या फडताळात ठेवू नका.
निपल होळनांथ्याच्या दवाखान्यातलं.
नारसिंग कंपाउंडरने ते कात्रीने जरासं चिरून दिलं,
म्हणाला, मान फार वर नको त्याची.
वासरू गायीखाली उभं राहतं, तेवढीच उंची.
दूध फुप्फुसात गेलं तर माझ्याकडे येऊ नका,
कुदळ घ्या.

म्हणून मी उकिडवा बसलो,
गायीएवढा होईपर्यंत खाली.

पहिल्या दिवशी त्याला निपल कळेना.
शर्टाचं बटण ओढलं, गमछ्याचं टोक,
पान्याची मूठ, माझा कान.
ज्या ज्या गोष्टीतून दूध येत नाही
त्या सगळ्या त्याने चोखून पाहिल्या.
मग माझा अंगठा. अंगठ्याशेजारून निपल हळूच सारलं
आणि त्याने ढुशी दिली,
अशी, की मी मागे शेणात बसलो.

बुधा आप्पा बांधावरून बघत होते.
"हाऊ गोऱ्हा काय कामना रे भो?
तू त ट्रॅक्टर चालाडस."
खरंच होतं. याचा आजा ज्या वावरात
दिवसभर तास काढायचा,
तिथे मी तासावर पैसे घेतो.
उत्तर सुचलं नाही. बाटली रिकामी होती,
तरी धरून बसलो.

अनेरच्या पट्ट्यात लाइट रात्री दोनला यायची.
मोटार सुरू करायची, मग चूल, मग दूध,
मनगटावर थेंब टाकून बघायचा.
मे महिन्यात गोठ्याला ओलं गोणपाट बांधलं,
तासाभरात ते पापडासारखं कडक.
मध्ये एकदा हगवण लागली त्याला. सिंधूने
भाताची पेज, मीठ, गूळ,
दोन दिवस चमच्याने पाजलं
आणि त्या दोन दिवसांत
माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

अडीच महिन्यांनी तिनेच हिशोब मांडला,
कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर.
खाली रेघ ओढून म्हणाली, आता तोडा.

आमच्याकडे दूध तोडतात.
दुसरा शब्द नाही त्याला.
आठवड्याला पावशेर कमी,
तेवढंच कोमट पाणी जास्त.
पहिल्या आठवड्यात त्याला कळलं नाही,
किंवा कळून गप्प राहिला.
दुसऱ्या आठवड्यात निपल तोंडात तसंच ठेवून
एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं,
गिऱ्हाईक गवळ्याकडे बघतं तसं.

सरकीची ढेप भिजवून बोटाने टाळूला लावली.
शिंकला. माझ्या तोंडावर.
ज्वारीच्या कडब्याचं एक पान
तासभर ओठात धरून उभा होता,
बिडी पेटवायला काडी नसलेल्या माणसासारखा.
केळीची साल मात्र पहिल्याच दिवशी खाल्ली,
आणि ज्या टोपलीत होती, तिची कड.

मग एका रात्री बाटली नेलीच नाही.
दोनला तो ओरडला.
लाइट आली नव्हती.
मी गोठ्याच्या दारात,
तो दाव्याच्या टोकाला,
अंधारात दोघांनाही
दुसरा कुठे आहे ते बरोबर ठाऊक.
सिंधू आतून म्हणाली, जाऊ नका जवळ.
गेलो नाही.

दुसऱ्या रात्री कमी ओरडला.
तिसऱ्या रात्री ओरडलाच नाही.
मी जागा होतो. मोटार सुरू केली,
चुलीपाशी आलो, पातेलं हातात घेतलं
आणि पालथं घालून ठेवलं.

बाटलीत आता ऑइल आहे.
निपल टूलबॉक्समध्ये, चौदा नंबरच्या पान्याखाली.
काढून टाकीन म्हणतो.

संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात बंद केला
की तो मान वर करतो,
पार वर, हवी तेवढी.
बघतो.
चघळणं थांबवत नाही.