सहा दशांश खोलीवर

सकाळी सातला ओड्वार धरणावर फोन लावतो.
"आज किती सोडताय?"
"सेकंदाला चार घनमीटर. दुपारनंतर नऊ."
कॉफीत दूध किती, असं विचारावं
तितक्या सहज ठरते नदी.

दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या,
मधे ताणलेली फीत, लाल आकड्यांची.
तुरिद मांडीभर पाण्यात, हातात दांडा.
मी काठावर, वही घेऊन,
कारण माझं अक्षर भिजलं तरी लागतं म्हणे.

"तीन मीटर. खोली बेचाळीस. गोटे, मुठीएवढे."
मग पातं किती वेळा फिरतं ते मोजायचं,
चाळीस सेकंद,
वरून सहा दशांश खोलीवर.
वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं,
मधली ही एक जागा
दोघांच्याही वतीने बोलते.

"साडेतीन. पंचावन्न. गोटे, डोक्याएवढे. शेवाळ."
"चार. एकाहत्तर. थांब,"
तिचा बूट घसरला.
नदीने तिला हातभर ओढलं आणि परत दिलं.
तो वेग वहीत नाही.

संध्याकाळी बंद पडलेल्या शाळेत,
मोजे हीटरवर,
पडद्यावर नदीच्या चौकटी होतात.
प्रत्येकीला गुण, शून्य ते एक:
सॅल्मनच्या पिलाला इथे राहवेल का?
लाल म्हणजे नाही. निळं म्हणजे हो.
चार घनमीटरला निळ्याची चिंधी,
नऊला पदरभर,
पंधराला पुन्हा फाटतं.
फार पाणीही लहानांना परकं करतं.

टोरमुंड येतो, फडक्यात तपकिरी चीज.
धरण बांधताना सतरा महिने
त्याने सिमेंट ओतलं होतं.
त्याच पैशांतून घराचं छप्पर झालं,
तेव्हा तो धरणाला शिव्या देत नाही,
इतर देतात तेव्हा खिडकीबाहेर बघतो.
चष्मा कपाळावर सारून पडदा न्याहाळतो,
मग एका लाल चौकटीवर बोट.
"आणि यात तो दगड कुठंय?"
"कुठला?"
"गाईच्या पाठीसारखा. त्याच्यामागे माझी बहीण
हातानं पिलं धरायची. आणि सोडायची."

आम्ही नकाशा उलगडतो.
दगड सहाव्या आणि सातव्या फितीच्या मधे.
तिथे आम्ही मोजलंच नव्हतं.
संगणकाने सहापासून सातपर्यंत
रुळानं मारावी तशी सरळ रेघ मारली होती,
वीस मीटर, एकही अडथळा नसलेली.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा चारच्या पाण्यात,
तुरिद मुखवटा लावून पालथी पडते.
नळीतून नुसता श्वास ऐकू येतो.
बराच वेळ.
मग पाण्याबाहेर एक हात, दोन बोटं वर.
दोन पिलं, बोटभर, धारेकडे तोंड करून,
जागच्या जागी पोहत.

ओड्वार घड्याळ बघतो. नऊ यायला पाऊण तास.
नवी खुंटी ठोकायची,
नवी फीत,
नाव काय द्यायचं? "सहा-अ."
टोरमुंड काठावर उभा, हात खिशात,
खुंटी वाकडी आहे म्हणतो,
आणि ती खरंच वाकडी असते.

दगडामागे खोली अडतीस.
तळ, रेती आणि बारीक खडे.
चाळीस सेकंदांत पातं फिरलं तीनदा.
तिसऱ्या फेऱ्याला माझाच श्वास अडकला होता,
मी तर काठावर होते,
कोरडी.